मगनचं तांबं आणि पाबळचा डोम

सोहारहून पश्चिमेला, वादी जिझ्झीच्या रस्त्यानं बुरैमीकडे निघालं की थोड्याच वेळात डोंगर रंग बदलायला लागतात. कुठे गंजासारखा लाल, कुठे काळपट, कुठे चक्क हिरवट. लसैल, अर्जा ही इथल्या जुन्या खाणींची नावं. या भागात काळ्या, जड आणि काचेसारख्या फुटणाऱ्या दगडांचे ढीग दिसतात. ते दगड नव्हेत. तांबं गाळून झाल्यावर उरलेला तो मळ आहे, आम्हा कारखानेवाल्यांच्या भाषेत स्लॅग. त्यातला बराचसा नवव्या-दहाव्या शतकातला आहे, पण या डोंगरांत तांबं गाळायला सुरुवात झाली ती चार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर 'मगन' नावाच्या देशातून येणाऱ्या तांब्याचा उल्लेख येतो, तो मगन म्हणजे हाच मुलूख असं अभ्यासक मानतात.

आता थोडा विचार करा. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला. साध्या चुलीत हे तापमान येत नाही. त्यासाठी कोळसा लागतो, भाता लागतो, भट्टीची उंची-रुंदी जमावी लागते, आणि खनिजात काय मिसळलं म्हणजे मळ पातळ होऊन वेगळा होतो हेही कळावं लागतं. थर्मामीटर नाही, रसायनशास्त्राचं पुस्तक नाही. ज्वाळेचा रंग बघायचा, भट्टीचा आवाज ऐकायचा. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे गेलं आणि ते हातांतून गेलं.

मंडळी, आजचा लेख तांब्यावर नाही, शाळेवर आहे. पण शाळेतल्या 'प्रयोगातून शिक्षणा'बद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी असं मला वाटतं. कारण 'हातानं करून शिकणं' ही कुणा आधुनिक शिक्षणतज्ज्ञानं काढलेली टूम आहे असा आपल्याकडे एक समज आहे. खरं तर उलट आहे. माणूस हजारो वर्षं तसाच शिकत आला. हात बांधून, बाकावर बसून शिकणं हीच नवी गोष्ट आहे.

ओमानमधलं दुसरं उदाहरण फलजचं. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं पाणी उताराच्या जोरावर मैलोन्मैल गावापर्यंत आणणारा कालवा. काही ठिकाणी तो जमिनीखालच्या बोगद्यातून येतो. मध्ययुगीन सोहारच्या भोवतालची शेती अशाच कालव्यांवर पिकत होती. २००६ साली युनेस्कोनं ओमानमधल्या पाच फलजांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण मला त्यातल्या बांधकामापेक्षाही पाण्याच्या वाटणीचं जास्त कौतुक वाटतं. इथे पाणी लिटरवर वाटत नाहीत, वेळेवर वाटतात. वेळेचं माप म्हणजे 'अथर', साधारण अर्ध्या तासाचा. दिवसाचे चोवीस, रात्रीचे चोवीस. दिवसा जमिनीत रोवलेल्या खांबाची सावली बघायची आणि रात्री ठरावीक तारे डोंगरामागून कधी वर येतात ते बघायचं. कुणाच्या वाट्याला किती अथर, विकले किती, वारसाहक्कानं विभागले किती, हा सगळा अपूर्णांकांचा हिशेब. चुकला तर खजुराची बाग सुकणार आणि शेजाऱ्याशी भांडण होणार. गणिताला याहून चांगला परीक्षक मिळणं कठीण!

आणि तिसरं उदाहरण तर या गावाच्याच नावाचं. टिम सेव्हरिन नावाच्या आयरिश-इंग्रज भटक्यानं सुलतान काबूस यांच्या पाठिंब्यानं सूर या बंदरात एक गलबत बांधून घेतलं. त्यात खिळा एकही नाही, सगळ्या फळ्या काथ्यानं शिवलेल्या. लाकूड आलं मलबारातून, शिवणकाम करणारे कारागीर आले लक्षद्वीपहून. सिंदबादचं गाव म्हणून दंतकथेत सोहारचं नाव येतं, म्हणून गलबताचं नावही 'सोहार'. १९८०-८१ मध्ये ते मस्कतहून थेट चीनच्या कँटनपर्यंत गेलं. आज ते मस्कतमध्ये अल बुस्तानजवळच्या चौकात उभं आहे. येणारे-जाणारे त्यासमोर फोटो काढून घेतात. मला त्यातली कळीची गोष्ट वाटते ती ही की, १९८० साली अशी होडी शिवू शकणारी माणसं शोधत फिरावं लागलं. हातातलं ज्ञान एका पिढीनं पुढे दिलं नाही की संपतं. ग्रंथालयात ते सापडत नाही.

आता शाळेकडे येऊ.

१९७० साली, सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा, अख्ख्या ओमानमध्ये आधुनिक पद्धतीच्या शाळा होत्या तीन. विद्यार्थी सुमारे नऊशे, सगळे मुलगे. बाकी शिक्षण कुराणाच्या पाठशाळांतून, झाडाखाली किंवा मशिदीत. त्यानंतर जे झालं ते खरोखर थक्क करणारं आहे. तंबूत वर्ग भरले, इजिप्त-जॉर्डनहून शिक्षक आले, मुलींच्या शाळा निघाल्या, १९८६ मध्ये सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झालं, २००१ मध्ये इथे सोहारलाही विद्यापीठ आलं. आज देशात हजाराहून जास्त सरकारी शाळा आहेत. एका पिढीत निरक्षर आजी आणि इंजिनियर नात, हे चित्र इथे घरोघरी दिसतं.

पण वेग इतका असला की एक गोष्ट मागे राहते. तंबूतल्या वर्गात फळा आणि पुस्तक नेता येतं, प्रयोगशाळा आणि कार्यशाळा नेता येत नाही. शिवाय जिथे सगळ्यांनाच अक्षर शिकायची ओढ आहे तिथे 'भट्टी कशी लावायची' हे कोण विचारणार? ओमाननं १९९८-९९ पासून 'मूलभूत शिक्षण' नावाची नवी रचना आणायला सुरुवात केली, आणि तिच्यात कॉम्प्युटर व 'जीवनकौशल्यं' हे विषय घातले. म्हणजे उणीव कुठे आहे हे त्यांना ऐन घाईतही कळलं होतं.

हे सगळं वाचताना मला राहून राहून आपला इतिहास आठवतो. कारण आपण हाच प्रश्न ओमानच्या कितीतरी आधी विचारला होता, आणि त्याची उत्तरंही काढली होती.

ऑक्टोबर १९३७, वर्धा. गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातून 'नयी तालीम' उभी राहिली. कल्पना अशी की एखादा हस्तोद्योग हा शाळेतला एक जादा तास नाही. गणित, विज्ञान, भूगोल, सगळं त्या उद्योगाच्या हातात हात घालूनच शिकवायचं. टकळीवर सूत काढलं की किती वार, किती वजन, किती वेळात, किती मजुरी हा हिशेब आपोआप येतो. कल्पना उत्तम होती. पण लवकरच तिच्यावर 'गरिबांच्या मुलांची शाळा' असा शिक्का बसला. साहेबाचा मुलगा इंग्रजी शाळेत आणि शेतकऱ्याचा मुलगा टकळीवर, असं दिसल्यावर शेतकऱ्यानंही आपला मुलगा टकळीवरून उठवला. त्याला दोष कसा देणार?

मग १९६४-६६ चा कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. या आयोगानं 'कार्यानुभव' सुचवला. हा शब्द वाचून माझ्या पिढीच्या मराठी वाचकांच्या चेहऱ्यावर हसू आलं असणार. कार्यानुभव म्हणजे शुक्रवारचा शेवटचा तास, रंगीत कागदाची फुलं, साच्यातले खडू आणि आईनं घरी करून दिलेला शोभेचा तोरणाचा तुकडा! आयोगाला अभिप्रेत होतं खरं उत्पादक काम. शाळेपर्यंत पोचेस्तोवर त्याचा क्रेप पेपर झाला. कारण उघड आहे. त्याचे मार्क एकूण टक्केवारीत धरत नसत, आणि ते शिकवणाऱ्या बाईंनाही ते काम येत नसे.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. पुस्तकातली व्याख्या पाठ करण्याऐवजी मुलांनी प्रयोग करून निष्कर्ष काढायचा, आणि परीक्षेतही पुस्तक उघडायची परवानगी. तो पुढे शेकडो शाळांत गेला. पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून १९७८ साली तिथे गेलेले एक इंजिनियर म्हणजे अरविंद गुप्ता. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमिती शिकवायची युक्ती काढली. काड्यांचा चौकोन केला तर तो लचकतो, त्रिकोण केला तर ताठ राहतो. पूल, छपराच्या कैच्या, विजेचे टॉवर यांच्यात त्रिकोण का असतात हे आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांना कळतं. २००२ मध्ये राज्य सरकारनं होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशानं थांबलं.

या सगळ्या पार्श्वभूमीवर पाबळची गोष्ट मला फार वेगळी वाटते.

पाबळ हे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं गाव. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते मस्तानीच्या समाधीसाठी माहीत असेल. भाग अवर्षणग्रस्त. १९८३ साली तिथे डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग राहायला गेले आणि त्यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. कलबागांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट केली होती. नंतर म्हैसूरची सीएफटीआरआय, मग हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर अनेक वर्षं. वय पंचावन्नच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे लोक निवृत्तीनंतरच्या फ्लॅटचं बघतात ते वय. या गृहस्थांनी दुष्काळी गावात माळरानावर संसार मांडला. आश्रम पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं (म्हणजे जे. पी. नाईकांनीच स्थापन केलेल्या संस्थेचं) केंद्र म्हणून चालू झाला. नाईक स्वतः १९८१ मध्येच गेले होते. पण कोठारी अहवालात जे कागदावर राहिलं, ते त्यांच्याच संस्थेच्या छताखाली एका गावात प्रत्यक्ष घडायला लागलं, हा योगायोग मला लक्षात ठेवण्यासारखा वाटतो.

कलबागांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मूल शाळेत येण्याआधी चालायला, बोलायला, वस्तू हाताळायला शिकतं ते करून करून. बुद्धी आणि हात एकमेकांना घडवतात. शाळा मात्र पहिल्याच दिवशी हात बाजूला ठेवायला सांगते. मग जी मुलं शाळेत टिकत नाहीत त्यांना आपण 'नापास' म्हणतो. कलबाग म्हणत, नापास झाली आहे ती पद्धत. म्हणून त्यांनी सुरुवातच शाळा सोडलेल्या मुलांपासून केली. वर्षाचा निवासी अभ्यासक्रम. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. प्रत्येकानं चारही करायचे. मुलीनं वेल्डिंग करायचं आणि मुलानं रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकायचं. एकच धंदा शिकवणारी ही आयटीआय नव्हती, कारण खेड्यातल्या माणसाला एकाच कामावर पोट भरता येत नाही आणि एकाच कामातून विज्ञानही पुरतं दिसत नाही.

दुसरा नियम आणखी महत्त्वाचा. सरावासाठी खोटं काम करायचं नाही. गावाला हवी असलेली सेवा द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे. दार बनवलं तर ते कुणाच्या तरी घराला लागलं पाहिजे. मग माप चुकून चालत नाही, लोखंड किती लागलं, रॉड किती जळले, मजुरी किती आणि नफा किती हे काढावंच लागतं. फलजच्या अथरासारखंच हे. परीक्षा बाहेरच्या जगानं घ्यायची.

एक उदाहरण पाण्याचं घेऊ. दुष्काळी गावात लोकांचा पहिला प्रश्न 'विहीर कुठे घेऊ?' हा. पायाळू माणूस आणि नारळ हे पारंपरिक उपाय. आश्रमानं जमिनीचा विद्युत-रोध मोजायची पद्धत वापरली. जमिनीत सरळ रेषेत सारख्या अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोनांमधला दाब मोजायचा. दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध. त्याला सळयांमधल्या अंतरानं आणि दोन पाय नं गुणलं की जमिनीचा गुणधर्म मिळतो. समजा अंतर १० मीटर आणि रोध ०.८ ओहम आला, तर उत्तर सुमारे ५० ओहम-मीटर. अखंड काळा दगड असेल तर आकडा यापेक्षा बराच चढतो, झिजलेला आणि पाणी धरणारा मुरूम असेल तर उतरतो. सळया दूर दूर नेल्या की अधिक खोलवरची गोष्ट कळते. आता बघा, हा आपल्या नववी-दहावीतला ओहमचा नियमच आहे. मी तो पाठ करून मार्क मिळवले. पाबळच्या मुलाला त्या नियमावर एका शेतकऱ्याचे विहिरीचे हजारो रुपये अवलंबून आहेत हे माहीत होतं. दोघांना ओहमचा नियम 'येतो' असं म्हणायचं का?

दुसरं उदाहरण डोमचं. त्रिकोणांच्या सांगाड्यावर जाळी आणि सिमेंट चढवून केलेली पाबळची गोल घरं प्रसिद्ध आहेत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर भागातही ती उभी राहिली. अशा डोमचा अगदी साधा प्रकार घेतला तर त्यात ६५ दांडे लागतात. ३५ लांब, ३० आखूड, सांधे २६ आणि त्रिकोण ४०. लांब दांडा त्रिज्येच्या ०.६१८ पट, आखूड ०.५४७ पट. म्हणजे दहा फूट त्रिज्येच्या घराला सुमारे ६ फूट २ इंचांचे आणि ५ फूट साडेपाच इंचांचे दांडे कापायचे.  पण प्रत्येक दांड्यात थोडी थोडी चूक राहिली तर शेवटचा दांडा बसतच नाही. तपासायला मास्तर लागत नाही, लोखंडच पेपर तपासतं. (त्यातला ०.६१८ हा आकडा कुठून आला हे ज्याला शोधावंसं वाटेल त्याला सुवर्णगुणोत्तरापर्यंतचा रस्ता मोकळा आहे.)

हे सगळं शाळा सोडलेल्या मुलांपुरतं राहिलं असतं तर पुन्हा नयी तालीमचाच शिक्का बसला असता. कलबागांनी ते ओळखलं होतं. म्हणून पाबळच्याच हायस्कूलपासून सुरुवात करून आठवी ते दहावीच्या नेहमीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस या कामाचा, असा 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय त्यांनी बसवला. शिकवायला पदवीधारक शिक्षक नाहीत, गावातलेच कसबी लोक. वेल्डर, वायरमन, नर्स. कार्यानुभवाच्या बाईंची अडचण त्यांनी अशी सोडवली. राज्य मंडळाकडून विषयाला मान्यता मिळवली, म्हणजे मार्कांची अडचणही सुटली. पुढे हा विषय महाराष्ट्रात आणि बाहेरही बऱ्याच शाळांत गेला.

कलबाग २००३ मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी पाबळला आणखी एक गोष्ट घडली होती. अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शेनफेल्ड नावाचे प्राध्यापक '(जवळजवळ) काहीही कसं बनवावं' या नावाचा कोर्स शिकवत. त्यातून 'फॅब लॅब' ही कल्पना निघाली. कॉम्प्युटरवर आकृती काढा आणि छोट्या यंत्रांवर ती लगेच कापा, कोरा, सर्किट बनवा. एमआयटीच्या बाहेर अगदी सुरुवातीला ज्या ठिकाणी अशी लॅब निघाली त्यांत पाबळ होतं, २००२ साली. शेतीची आणि दुधाची मोजमापं, डिझेल इंजिनची जुळणी या तिथल्या गरजा होत्या. म्हणजे बॉस्टनची यंत्रं आली खरी, पण प्रश्न शिरूर तालुक्याचे होते.

गंमत अशी की त्याच एमआयटीतून पाच वर्षांनी महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका गावात दुसरी वस्तू आली. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये 'दर मुलामागे एक लॅपटॉप'ची घोषणा केली होती. किंमत शंभर डॉलर असेल म्हणाले, प्रत्यक्षात ती सुमारे १८८ झाली. भारत सरकारनं २००६ मध्ये नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावात, एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांच्या हाती ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला हा पहिलाच प्रयोग. लॅपटॉप वाईट नव्हता. उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाणी सोसणारा कीबोर्ड, आणि कासवाला आज्ञा देऊन आकृत्या काढायची सोय, जी सेमूर पॅपर्ट यांच्या लोगो भाषेतून आली होती. इंजिनियर म्हणून मला त्याच्या रचनेचं आजही कौतुक आहे.

पण या योजनेचं जगात काय झालं ते पाहा. पेरू देशानं आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. सर्वसाधारण विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, एवढंच.

एकाच संस्थेतून निघालेल्या या दोन गोष्टींतला फरक मला असा दिसतो. लॅपटॉपच्या मागची धारणा होती की वस्तू चांगली असेल तर शिक्षण आपोआप होईल, शिक्षक असो वा नसो. पाबळला यंत्रं येण्याआधी एकोणीस वर्षं माणसं, कामं आणि प्रश्न तयार होते. यंत्र शेवटी आलं. पॅपर्टचं कासवसुद्धा खरं तर हेच सांगतं. कासव चुकीचं वळलं तर ते का वळलं हे शोधणं म्हणजे शिक्षण. पण ते शोधायला शेजारी बसून 'आता काय करशील?' विचारणारा कुणीतरी लागतो. आज भारतात शाळाशाळांतून टिंकरिंग लॅब आहेत (ही सरकारी योजना २०१६ ची), २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून हातकामाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा आहे. थ्रीडी प्रिंटर आले, रोबोटचे संच आले. ते कपाटात कुलूपबंद राहतील की नाही, हे प्रिंटरच्या किमतीवर ठरणार नाही. मुलाला काहीतरी खरं बनवायचं आहे का, आणि ते बनवता येणारा माणूस शाळेत आहे का, यावर ठरेल.

आता आमच्याबद्दल. सोहारचं बंदर, ॲल्युमिनियमचा कारखाना, रिफायनरी यांच्यामुळे इथे आपली बरीच कुटुंबं आहेत. आई-वडील दोघांपैकी एक तरी इंजिनियर. मुलं सीबीएसईच्या अभ्यासक्रमात. आणि घरात मात्र नळ गळला की फोन, ट्यूब गेली की फोन, सायकलची चेन पडली की नवी सायकल. ज्या लोकांचं पोट यंत्रांवर चालतं त्यांच्या मुलांनी स्क्रू ड्रायव्हर धरलेला नाही, हे चित्र मला अस्वस्थ करतं. फोन केल्यावर जो येतो तो केरळचा, बांगलादेशचा किंवा आपल्याच बिहारचा कारागीर. आपली मुलं त्याला बघून काय शिकतात? हातानं काम करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, एवढंच. नयी तालीम याच धड्यापुढे हरली होती.

म्हणून आम्ही तीन-चार घरांनी शनिवारची सकाळ ठरवून घेतली आहे. फार मोठं काही नाही. गच्चीवर काठी रोवून सावल्या मोजल्या आणि पोरांनी आपापले अथर आखले. डिसेंबरातल्या खुणा जूनमध्ये का जुळत नाहीत यावर जोरदार वाद झाला. मग लाकडी काड्यांचा डोम. पहिला बसला नाही, दुसराही नाही. तिसऱ्या वेळी एका मुलीनं सगळ्या काड्या आधी एका साच्यात कापून घ्यायची युक्ती स्वतःच काढली (कारखान्यात याला आम्ही जिग म्हणतो). कासवाला आज्ञा देऊन तोच त्रिकोण पडद्यावर काढण्याचं काम आता चालू आहे.

एका मित्रानं, मुलाला पाठवतो म्हणाला खरा, पण आधी विचारलं, "याचे मार्क कुठे धरतात का रे?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. पुढे जेईई आहे, वेळ थोडा आहे. त्याला मी हसण्यावारी नेलं नाही, कारण नयी तालीमपासून कार्यानुभवापर्यंत प्रत्येक प्रयोग याच प्रश्नावर अडलेला आहे. कलबागांनी त्याचं उत्तर टाळलं नाही, विषयाला मंडळाची मान्यता मिळवून दिली. आमच्याकडे तसं उत्तर नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की माझ्या लॅबमध्ये नवी मुलं येतात तेव्हा मी त्यांची टक्केवारी बघतो खरी, पण त्यांना कामावर ठेवायचं की नाही ते उपकरण बिघडल्यावर ती काय करतात त्यावरून ठरवतो.

कलबागांसारखं सगळं सोडून माळरानावर जाणं सगळ्यांना जमणार नाही, आणि परदेशात डॉक्टरेट केलेल्या प्रत्येकानं ते करावं असं मी म्हणतही नाही. पण त्यांच्या कामातली एक गोष्ट कुठेही करता येते. आपल्याला जे हातानं येतं ते शेजारच्या चार मुलांना दाखवणं. सुट्टीत पुण्याला गेलात तर पाबळला जाऊन या. विज्ञान आश्रम आजही चालू आहे. मुलांना बरोबर न्या, आणि तिथल्या पोरांना प्रश्न तुम्ही विचारू नका, त्यांना विचारू द्या.

असो. लेख लांबला. शनिवारी कासवाचा त्रिकोण पूर्ण करायचा आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.